जुन्या सागवानाची नवी पेटी

पुण्याच्या पेठांतून जातां-येतां एखाद्या जुन्या वाड्याची पाडापाडी चाललेली आपण पुष्कळदां पाहिली असेल. प्रथम कौलें उतरतात, मग वासे, मग कडीपाटाच्या फळ्या. तुळया दोरांनीं खालीं सोडल्या जातात आणि अखेरीस सुरूचे खांब आपल्या दगडी तळखड्यांवरून ढळतात. रस्त्याच्या कडेला या सर्वांची एक मोठी रास पडते व आठ दिवसांत ती नाहींशीहि होते. तिच्यांतील मोठा व सरळ माल जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात. दीड-दोन हातांच्या आंतले जे तुकडे उरतात, फुटकीं फडताळें, गजांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, दाराच्या मोडक्या फळ्या, त्या सर्वांचें मोल मात्र वजनावर होतें; आणि वजनावर गेलेल्या लाकडाची वाट बहुधा भट्टीकडे असते. मुंबईच्या बेकऱ्यांत असें जुनें लाकूड वर्षानुवर्षें जळत आलें. तेथील धुराचा प्रश्न इतका वाढला कीं, २०२५ च्या जानेवारींत मुंबईच्या उच्च न्यायालयानें लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या आंत दुसऱ्या इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. धुराचा विचार न्यायालयानें केला. जें जळत होतें त्याचा विचार कोणीं करावा?

त्या तुकड्यांपासून घरच्या घरीं पेटी कशी करावी हें आज आपणांस सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी सुतार नव्हे. शाळेंत गणित आणि चित्रकला शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु पेटी करण्याच्या कामांत निम्मी भूमिती असते, आणि उरलेली निम्मी विद्या चांगल्या सुतारांच्या कामापाशीं स्वस्थ बसून पाहिल्यानें बरीचशी साध्य होते.

प्रथम या लाकडाची ओळख करून घेऊं. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत साग सर्वांत अधिक सांपडतो. त्याखालोखाल ऐन, शिसव, कोंकणांत फणस व किंजळ. शनिवारवाड्याचें काम १७३० सालीं सुरू झालें तेव्हां त्यासाठीं जुन्नरकडील रानांतून साग आणविल्याचें प्रसिद्ध आहे. तो वाडा १८२८ सालीं जळाला आणि ती सर्व संपत्ति आगीच्या मुखीं पडली. परंतु त्याच काळांतील व त्याच जातीचें लाकूड पुण्याच्या इतर वाड्यांत शिल्लक राहिलें. पुढें इंग्रजी अमदानींत ब्रह्मदेशाचा साग मौलमीनच्या बंदरांतून जहाजांनीं येऊं लागला. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ सालीं मुंबईंत स्थापन झाली ती मुख्यतः याच व्यापारासाठीं. आणि १८८५ सालीं इंग्रजांनीं ब्रह्मदेशाच्या राजाशीं जें युद्ध पुकारलें त्याला या कंपनीच्या सागाचा तंटाच निमित्त झाला. मुंबईच्या जुन्या चाळींच्या जिन्यांत व गॅलऱ्यांत हा ब्रह्मी साग पुष्कळ आहे. आतां तो मार्गहि बंद झाला आहे. अखंड ओंडके देशाबाहेर पाठविण्यास म्यानमारनें १ एप्रिल २०१४ पासून मनाई केली.

नवा साग मिळतच नाहीं असें नव्हे. केरळांतील निलांबूर येथें १८४० नंतरच्या दशकांत सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली आणि आज आपल्याकडेहि शेताच्या बांधावर साग उभा आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या झाडांत गाभा थोडा व सालीखालचें पांढरें लाकूड अधिक असतें. सागाचा सर्व टिकाऊपणा गाभ्यांत असतो. गाभ्यांतील तेलकट द्रव्यें वाळवीला व बुरशीला मानवत नाहींत. पांढऱ्या भागांत तीं द्रव्यें नसल्यामुळें किडा तेथेंच प्रथम शिरतो. जुन्या वाड्याची तुळई ज्या झाडाची होती तें रानांत कित्येक दशकें सावकाश वाढलेलें होतें. तसें झाड पुनः लावून तितक्याच वर्षांनीं तोडण्याइतका धीर कोणापाशीं आहे?

तरीपण येथें एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. धडधाकट दार मोडून पेटी करूं नये. ज्या दाराला पुनः चौकट मिळूं शकते तें दारच राहूं द्यावें. कोरीव महिरप असेल तर ती जशीच्या तशी जपणारा धनी शोधावा. अलीकडे जुन्या सामानाचे शोकीन वाढले असून नक्षीदार खांब कापून त्याचे दिव्याचे स्टँड करण्याची एक चाल पडली आहे. ती मला खाटिकखान्यासारखी वाटते. जें आपल्या मूळ कामास कायमचें निरुपयोगी झालें तेंच पेटीसाठीं घ्यावें.

माझ्या परिचयाच्या एका घरचें उदाहरण देतों. तीन भाऊ व एक बहीण अशा चौघांचा वाडा बिल्डरकडे गेला. पैशाची वांटणी सुरळीत झाली. तंटा पडला तो माजघराच्या दारावरून. त्याच दारांतून आजीला शेवटचें बाहेर नेलें होतें, त्याच्याच उंबऱ्यावर सर्वांचीं लग्नें लागून माप ओलांडलीं गेलीं होतीं, आणि प्रत्येकाला तें आपल्या फ्लॅटमध्यें हवें होतें. वास्तविक तें दार कोणाच्याहि उपयोगाचें नव्हतें. खालची दीड हात उंची पाण्यानें व वाळवीनें पोखरून गेली होती. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत जें पाणी शिरलें त्यांत तें बराच वेळ उभें होतें. गोष्ट अबोल्यापर्यंत आली. शेवटीं एका म्हाताऱ्या सुतारानें मोजमाप घेऊन सांगितलें कीं, वरचें लाकूड सोन्यासारखें आहे आणि जाडीहि इतकी आहे कीं फळ्या मधून चिरल्या तर चार पेट्या सहज निघतील. बहिणीचा वांटा आहे हें त्या वेळपर्यंत भावांच्या ध्यानांत नव्हतें; तें सुतारानें आणून दिलें. आज चौघांच्या घरीं चार पेट्या आहेत व चौघांचें येणें-जाणेंहि आहे.

त्या सुतारानें मनांत केलेला हिशेब आपणहि करून पाहूं. एक फूटभर लांब म्हणजे सुमारें ३० सेंटिमीटर, २० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच अशी पेटी घ्या. चारी बाजूंचा घेर १०० सेंटिमीटर, म्हणून बाजूंना १,२०० चौरस सेंटिमीटर फळी लागेल. तळ व झांकण मिळून तितकीच. एकूण २,४०० चौरस सेंटिमीटर. खिळ्यांचीं भोंकें, चिरा आणि करवतीची भुकटी यांत जें वायां जातें त्यासाठीं निम्मी भर धरावी. म्हणजे जुन्या लाकडांत ३,६०० चौरस सेंटिमीटर हाताशीं असल्याखेरीज काम सुरू करूं नये. नव्या लाकडाला इतकी भर लागत नाहीं, जुन्याला लागते.

आतां कोणतें लाकूड घेऊं नये तें सांगतों, कारण येथें चूक झाली तर ती नुसत्या पेटीला भोंवत नाहीं, घरच्या माणसांना भोंवते. रेल्वेचे जुने स्लीपर दिसण्यांत भारदस्त असतात. परंतु ते कुजूं नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नांवाचें डांबरी तेल पाजलेलें असतें. तें त्वचेला व फुप्फुसांना अपायकारक असून कर्करोगास कारण होऊं शकतें. असला स्लीपर घरांत आणूंच नये. दुसरें रंगविलेलें लाकूड. पूर्वींच्या तैलरंगांत शिसें सर्रास असे. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असूं नये असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला व पुढल्या वर्षीं तो अंमलांत आला. त्याआधींचा रंग कोरडा घासून काढला तर शिशाची धूळ सर्व घरभर पसरते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशासारखें घातक द्रव्य थोडेंच असेल. रंगाची फळी घ्यावयाचीच तर रंग ओला ठेवून, अंगणांत, मुलें जवळ नसतां खरवडावा आणि खरवडलेला चोथा गोळा करून बंद पिशवींत ठेवावा. रंग जाळून काढण्याची जी रीत आहे ती तर सर्वथैव वर्ज्य.

तिसरें लाकूड मालाच्या खोक्यांचें. परदेशांतून यंत्रें वगैरे ज्या खोक्यांतून येतात त्यांचें लाकूड पाइन किंवा तत्सम हलक्या जातीचें, पांढुरकें व नवशिक्याच्या हाताला सोपें असतें. अशा खोक्यांवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हासह एक शिक्का मारलेला दिसेल. लाकडांतून किडे परदेशीं जाऊं नयेत म्हणून २००२ सालापासून ही आंतरराष्ट्रीय पद्धत पडली आहे. शिक्क्यांत एच-टी हीं अक्षरें असल्यास तें लाकूड आंतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापविलेलें आहे असें समजावें. तें खुशाल घ्यावें. एम-बी हीं अक्षरें असल्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. तें सोडून द्यावें. शिक्काच नसेल आणि लाकडावर तेलाचे किंवा रसायनांचे डाग असतील तर मोह धरूं नये.

किडलेलें लाकूड ओळखण्यास सोपें आहे. टाचणीच्या टोंकाएवढीं भोंकें व त्याखालीं पिठासारखी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे असें मानावें. फळी उन्हांत आपटून पुनः दोन आठवड्यांनीं पाहावी. नवी भुकटी पडल्यास ती फळी इतर लाकडांपासून दूर करावी. भोंकें जुनीं, काळपट व कोरडीं असतील आणि सुरीचें टोंक आंत रुतत नसेल तर तें लाकूड वापरण्यास हरकत नाहीं.

लाकूड घरीं आलें म्हणजे आधीं रंधा काढूं नये, लोहचुंबक काढावा. जुन्या लाकडांत तुटलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा रंध्याचें पातें दांतेरी करून टाकतो. आरागिरणीवाले जुनें लाकूड चिरून देण्यास का-कूं करतात तें याच कारणानें. चुंबक फळीच्या दोन्ही अंगांवरून बोटभर अंतरानें फिरवावा व जेथें ओढ लागेल तेथें खडूची खूण करावी. पितळेला चुंबक धरीत नाहीं, म्हणून दारांवरच्या पितळी फुल्यांच्या जागा डोळ्यांनींच तपासाव्या. खिळा टोंकाच्या बाजूनें ठोकून डोकें वर आणावें, मग अंबुराखालीं लाकडाचा तुकडा देऊन ओढावा, म्हणजे फळीला वळ उठत नाहीं. निघालेला खिळा फेंकूं नये. तो पाहण्यासारखा असतो. चौकोनी कांठाचा, निमुळता, डोक्यावर घणाच्या खुणा असलेला खिळा लोहारानें एकेक करून घडविलेला असतो. सर्वत्र एकसारखा गोल असलेला खिळा यंत्राचा, म्हणजे अर्थात् अलीकडचा. तसेंच फळीच्या न रंधलेल्या पाठीकडे पाहावें. तेथें आडव्या, सरळ पण थोड्या विषम अशा रेघा असतील तर ती फळी दोन माणसांनीं हातकरवतीनें, एकानें वर व एकानें खालीं राहून, चिरलेली आहे. रेघा कमानीसारख्या असतील तर ती गोल फिरणाऱ्या पात्याची करामत. घर केव्हां बांधलें याचा कागद नसला तरी इतका पुरावा लाकूड देतें.

खिळे निघाल्यावर तारेच्या ब्रशानें फळी घासावी. फटींत बसलेली माती व चुना यांनीं हत्यार जितकें बोथट होतें तितकें लाकडानें होत नाहीं. सागाच्या अंगांतहि वाळूसारखा एक अंश असतोच, त्यामुळें धार वारंवार लावावी लागते. हें काम करतांना नाकातोंडावर चांगला मास्क असावा. सागाच्या धुळीनें कित्येकांना खाज सुटते व दमा बळावतो. आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्णय त्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९५ सालीं दिलेला आहे.

आतां मी या विषयाच्या गाभ्याशीं येतों. अनेकांचा असा समज असतो कीं, शंभर वर्षें वाळलेलें लाकूड आतां हलायचें नाहीं. हा समज खोटा आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. त्या नळ्यांच्या भिंती हवेंतील ओलावा शोषून जाड होतात व कोरड्या हवेंत तो सोडून आकसतात. झाड मेलें तरी हा श्वास बंद होत नाहीं. फार तर किंचित् मंद होतो. वैशाखांत करकरीत उघडणारें कपाट श्रावणांत अडून बसतें तें यामुळेंच. गंमत अशी कीं, धाग्याच्या दिशेनें, म्हणजे लांबींत, लाकूड जवळजवळ मुळींच बदलत नाहीं. बदलतें तें रुंदींत. साग या बाबतींत फार सभ्य. तरीहि त्याच्यांतील ओलावा कोरड्या दिवसांत सात टक्के व पावसाळ्यांत पंधरा टक्के झाला असें धरलें तर २० सेंटिमीटर रुंदीची फळी एक ते तीन मिलिमीटर रुंदावते. तुळईच्या मध्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेनें, चिरलेली फळी एक मिलिमीटरच्या आसपास राहते. खोडाच्या गोलाईला स्पर्शून चिरलेली तिच्या दुपटीहून अधिक हलते. फळीच्या टोंकाला वर्षांच्या कडा उभ्या दिसल्या तर ती पहिल्या प्रकारची, आडव्या कमानी दिसल्या तर दुसऱ्या प्रकारची. झांकणाला नेहमीं पहिली घ्यावी.

तीन मिलिमीटर म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. पण फुगणाऱ्या लाकडाचा जोर विलक्षण असतो. पूर्वीं खडकांत भोंकें पाडून त्यांत लाकडाच्या कोरड्या पाचरी मारीत व त्यांवर पाणी ओतून खडक फोडीत. तोच जोर आपल्या पेटीच्या आंत बसलेला असतो. तळाची फळी चारी बाजूंना चिकटवून टाकली तर पावसाळ्यांत ती सांधे उचकटील किंवा उन्हाळ्यांत स्वतः मधोमध दुभंगेल. म्हणून तळ व झांकण कधींहि चिकटवूं नये. चारी बाजूंच्या आंतल्या अंगाला पांच-सहा मिलिमीटर खोल खांच घ्यावी व तळाची फळी तीत नुसती सरकवून ठेवावी. फळीचा धागा पेटीच्या लांबीकडे असावा, म्हणजे हालचाल फक्त रुंदीकडे होते. तिकडे दोन्ही बाजूंस दीड-दीड मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. हें काम उन्हाळ्यांत करीत असाल तर एवढी जागा हवीच. भर पावसाळ्यांत करीत असाल तर अर्धी पुरे, कारण तेव्हां फळी आधींच फुगलेली असते. बाजूंच्या चारी फळ्यांचे धागे मात्र आडवे, घेराच्या दिशेनें ठेवावे. मग त्या सर्व उंचींत एकदम वाढतील व एकदम घटतील, आणि कोपऱ्यांत भांडण होणार नाहीं.

जाड फळी मधून चिरली असेल तर तिला लगेच कामास लावूं नये. आंतला ओलावा बाहेरच्यापेक्षां निराळा असतो, आणि जुना ताण मोकळा झाल्यामुळें फळी वांकडी होते. मध्यें बारीक पट्ट्या देऊन फळ्यांची चळत रचावी, वर वजन ठेवावें आणि दोन-तीन आठवडे सावलींत विसरून जावें. मग रंधून बाजूंची जाडी बारा मिलिमीटरपर्यंत आणावी. गुण्या लावून प्रत्येक टोंक काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहावें. समोरासमोरच्या फळ्या मोजपट्टीनें मोजण्यापेक्षां एकमेकींवर उभ्या करून बोटानें चांचपाव्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाहीं, पण बोटाला तत्काळ कळतो.

कोपऱ्याच्या सांध्यांत उत्तम तो डव्हटेल. पक्ष्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दांते एका फळीला व त्यांना बरोबर बसतील अशा खांचा दुसरीला. एकदां ठोकून बसविला कीं एका दिशेनें ओढून तो सुटतच नाहीं. पण तो साधावयास हात बसावा लागतो. ज्यांना तेवढा धीर नाहीं त्यांनीं एका फळीच्या टोंकाला निम्म्या जाडीची पायरी काढून तीत दुसरी बसवावी आणि बाहेरून बांबूच्या तीन-चार मेखा माराव्या. नुसता सरस लावून टोंकाला टोंक जोडूं नये. टोंकाला नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात; तीं सरस पिऊन टाकतात आणि सांधा उपाशी राहतो. बांबूची मेख लोखंडी खिळ्यापेक्षां येथें बरी. सागांतील द्रव्यांशीं व ओलाव्याशीं लोखंडाची गांठ पडली कीं काळे डाग उठतात, आणि पुढें कोणीं ही पेटी पुनः रंधावयास घेतली तर त्याच्या रंध्यालाहि अपाय नको.

चिकटविण्यास पूर्वीं जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस दुहेरी भांड्यांत कढवीत. १९५९ सालीं फेव्हिकॉल बाजारांत आला आणि तो वास, ती शेगडी, सर्वच गेलें. पांढरा गोंद सोयीचा आहे यांत वाद नाहीं. सरसाचा एक गुण मात्र त्याच्यांत नाहीं: गरम पाण्याच्या वाफेनें सरसाचा सांधा सोडवून पेटी दुरुस्त करतां येते. गोंद कोणताहि असो, साग तेलकट असल्यामुळें चिकटविण्याची बाजू त्याच दिवशीं ताजी रंधलेली असावी व लावण्यापूर्वीं स्पिरिटच्या फडक्यानें पुसून घ्यावी.

झांकण कसें करावें याविषयीं एक युक्ति आहे आणि ती ज्यानें प्रथम शोधून काढली त्याला मी मनोमन नमस्कार करतों. झांकण निराळें करूंच नये. तळ व वरची फळी दोन्ही खांचांत घालून सर्व बाजूंनीं बंद असा एक ठोकळा तयार करावा. गोंद वाळल्यावर वरून चार सेंटिमीटरवर चोहोंकडे रेघ आखावी आणि त्या रेघेनें करवत फिरवून ठोकळ्याचे दोन भाग करावे. खालचा भाग पेटी, वरचा झांकण. एकाच फळीचे दोन तुकडे असल्यामुळें लाकडाच्या रेषा वर-खालीं तंतोतंत जुळतात, आणि झांकण वांकडें झालें असें होत नाहीं. फक्त डव्हटेल करणाऱ्यानें करवतीच्या वाटेवर येणारा दांता चार मिलिमीटर अधिक रुंद आखावा. करवत व रंधा मिळून तेवढें लाकूड खातात.

आंतील रचना ज्याच्या त्याच्या गरजेची. आपल्याकडे या बाबतींत नमुना शोधावयास दूर जावें लागत नाहीं. जुन्या घरांतील फणेरपेटी आपल्यापैकीं कांहींनीं पाहिली असेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुन्या घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह आहे, तो या दृष्टीनें पाहावा. झांकणाच्या आंतल्या अंगाला आरसा, खालीं फणीची जागा, कुंकवाच्या करंड्याचा कप्पा, कुंकू चिकटावें म्हणून आधीं लावावयाच्या मेणाचा कप्पा. प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची खोली, आणि पेटी मिटली कीं सर्व शृंगार कांखेंत मावतो. आज तीच रचना चष्मे, औषधें आणि किल्ल्या यांनाहि चालेल. कप्प्यांच्या पातळ पट्ट्या एकमेकींत अर्ध्या-अर्ध्या खांचून नुसत्या उभ्या कराव्या. त्यांना गोंद नको, म्हणजे पुढें मोडून फिरवितां येतात.

बिजागऱ्या पितळी घ्याव्या. पितळेचा स्क्रू मऊ असतो आणि जुना साग कठीण. थेट फिरवावयास गेलें तर डोकें तुटून हातांत येतें. म्हणून आधीं बारीक भोंक पाडावें, त्यांत त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, तो काढावा आणि मग मेण लावलेला पितळी स्क्रू बसवावा.

राहिली झिलई. माझ्या मतें जुन्या सागाला लाखेसारखें दुसरें कांहीं शोभत नाहीं. पळस, बोर व कुसुंब या झाडांवर पोसणाऱ्या इवल्याशा किड्याची ही देणगी. तिच्या पातळ पापुद्र्यांना चपडा म्हणतात. एक लिटर स्पिरिटांत सुमारें सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळावा व कापसाच्या बोळ्यानें पातळ हात द्यावे. पांच-सहा हातांत लाकडाचा मधासारखा रंग वर येतो. गरम पेल्याचा डाग लाखेवर पडतो खरा, पण पेटीवर चहा ठेवावाच कां? ज्यांना जवसाचें तेल आवडतें त्यांनीं तें बाहेरून लावावें, आंतून नव्हे. आंत त्याचा वास वर्षभर जात नाहीं. आणि एक सावधगिरी प्राणपणानें पाळावी. जवसाच्या तेलाचें फडकें चुरगळून कोपऱ्यांत टाकलें तर तें वाळतां वाळतां आपोआप तापतें व पेट घेतें. तें उलगडून दोरीवर वाळत घालावें किंवा पाण्यांत बुडवून ठेवावें.

खिळ्यांच्या भोंकांचें काय करावें असें कित्येकजण विचारतात. फार मोठें असेल तेथें त्याच लाकडाची खुंटी बसवावी. बाकीचीं तशींच राहूं द्यावीं. लाखेचा हात फिरल्यावर तीं वाईट दिसत नाहींत. परंतु नव्या लाकडाला साखळीनें बडवून, भोंकें पाडून, कृत्रिम जुनेपण आणण्याचा जो उद्योग हल्लीं दुकानांत चालतो त्याला माझा दंडवत. आणखी एक सूचना: जुनीं पत्रें, फोटो किंवा सनदा या पेटींत ठेवावयाच्या असतील तर उघड्या लाकडाला लागूं देऊं नयेत. लाकडांतून आम्लाचा सूक्ष्म अंश निघत राहतो आणि त्यानें कागद पिंवळा पडतो. आंतूनहि लाखेचा हात द्यावा व कागद धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळून ठेवावे.

उन्हाळ्यांत केलेली पेटी पहिल्या पावसाळ्यांत बहुधा जरा घट्ट होईल. त्या वेळीं रंधा हातांत घेऊं नये. दसऱ्यापर्यंत वाट पाहावी; हवा कोरडी झाली कीं झांकण आपसूक सैल होतें. दिवाळींतहि तें अडतच राहिलें तर कांठांवर जेथें घासून चकाकी आली असेल ती जागा शोधावी आणि तेवढ्याच जागीं रंध्याचे दोन हलके हात द्यावे.